‘शंभरात कितवे?’ : बालकाच्या वजनाच्या शततमकाची भाषिक चिकित्सा

१

बालकाच्या वाढीचा आलेख हा सामान्यतः वैद्यकाचा विषय समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे वळून पाहावे असे त्यात काही असेल, ही कल्पना सहसा कोणास सुचत नाही. तथापि अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जो छापील तक्ता आईच्या हाती दिला जातो, तो वस्तुतः एक लेखच आहे. त्याला स्वतःची चिन्हव्यवस्था आहे, संज्ञा आहेत, अर्थ लावण्याचे नियम आहेत, आणि मुख्य म्हणजे त्याला वाचक आहे. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर किलोग्रॅम, मधून गेलेल्या काही वक्ररेषा, आणि दवाखान्यातील तक्त्यावर त्या रेषांच्या उजव्या टोकाशी ३, १५, ५०, ८५, ९७ असे आकडे, एवढाच या लेखाचा मजकूर. परंतु या मजकुराच्या वाचनावरून घरात निर्णय होतात. आईचे दूध पुरते की नाही, वरचे दूध सुरू करावे काय, मुलाला दडपून भरवावे काय, किंवा उलटपक्षी, ‘सर्व ठीक आहे’ म्हणून स्वस्थ बसावे काय, हे निर्णय पुष्कळदा एका आकड्याच्या अर्थावर अवलंबून असतात.

असा लेख चुकीचा वाचला गेला, तर दोष वाचकाचा की लेखाचा, हा प्रश्न टीकेचा आहे. या निबंधात मांडलेले मत असे की, दोष बव्हंशी संज्ञेचा आहे. इंग्रजीत ‘पर्सेंटाइल’ आणि पारिभाषिक मराठीत ‘शततमक’ किंवा ‘शतमक’ म्हणून वावरणारा हा शब्द मराठी वाचकापुढे तीन निरनिराळे अर्थ एकाच वेळी उभे करतो. त्यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे सांगण्याची कोणतीही सोय तो ठेवीत नाही. विशेष म्हणजे, जो नेमका प्रश्न ही संज्ञा विचारते, तो विचारण्यासाठी मराठीत एक अत्यंत समर्पक शब्द पूर्वीपासूनच आहे. त्याचा उपयोग मात्र कोणी केलेला दिसत नाही.

२

संज्ञेच्या चिकित्सेपूर्वी तिच्या इतिहासाचे थोडे अवलोकन आवश्यक आहे. मुलाची वाढ मोजून लिहून ठेवण्याची पद्धत या संज्ञेहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समधील माँबेयार या सरदाराने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाच्या उंचीची नोंद ठेवली आणि ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. तीत तुलना होती ती एका मुलाची त्याच्याच गतकालाशी. इतर मुलांचा तीत संबंध नव्हता.

‘पर्सेंटाइल’ हा शब्द रूढ केला तो इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन याने, १८८५ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्याने मानवी मापनाची प्रयोगशाळा मांडली होती. माणसांना एका ओळीत उभे करून प्रत्येकाचा क्रम लावणे ही त्याची मूळ बौद्धिक ओढ होती. सुप्रजननाच्या कल्पनेला नाव देणाराही तोच. तेव्हा ही संज्ञा जन्मास आली ती माणसांच्या क्रमवारीसाठी, एका बालकाच्या वाढीचा मागोवा घेण्यासाठी नव्हे. पुढे ती वाढीच्या तक्त्यावर आली तेव्हा आपला हा मूळचा स्वभाव बरोबर घेऊनच आली.

याच्या अगदी उलट दृष्टी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नायजेरियात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्ले या डॉक्टराची होती. त्याच्या तक्त्यावर दोनच मुख्य रेषा होत्या. वरची मुलग्यांच्या पन्नासाव्या स्थानाची आणि खालची मुलींच्या तिसऱ्या स्थानाची. तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईजवळ द्यावयाचा, आणि मूल कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा त्याची स्वतःची रेषा कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहावयाचे, असा त्याचा आग्रह होता. आज भारतात मातेला दिल्या जाणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डातील तक्ता याच परंपरेतला आहे. चढती रेषा चांगली, सपाट रेषा धोक्याची, उतरती रेषा अधिक धोक्याची, हे त्याचे व्याकरण.

अशा रीतीने दोन परंपरा एकाच कागदावर एकत्र आल्या आहेत. एक स्थानाची, दुसरी गतीची. वाचनाचा गोंधळ उद्भवतो तो या संगमापाशी.

३

प्रथम संज्ञेचे रूप पाहू. ‘शततम’ हा संस्कृतात क्रमवाचक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘शंभरावा’. त्याला ‘क’ जोडून ‘शततमक’ सिद्ध झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यात दोष काढता येणार नाही. परंतु मराठी वाचकाच्या कानाला ‘तम’ हा प्रत्यय ओळखीचा आहे तो ‘उत्तम’, ‘श्रेष्ठतम’ या शब्दांतून, म्हणजे आधिक्याच्या अर्थाने. ‘शतमक’ हे आटोपशीर रूप हा दोष टाळते खरे. पण त्याचे ‘शतमान’ या शब्दाशी इतके साम्य आहे की ‘शेकडा प्रमाण’ हाच अर्थ प्रथम मनात येतो. उरला ‘पर्सेंटाइल’ हा उसना शब्द. व्यवहारात तोच चालतो, आणि ‘पर्सेंट’शी असलेली त्याची जवळीक तर उघडच आहे.

मराठीत ‘टक्के’ आणि क्रमवाचक विशेषण यांत रूपानेच भेद आहे. ‘पंधरा टक्के’ म्हटले की परिमाण कळते. ‘पंधरावा’ म्हटले की क्रम कळतो. शततमक ही क्रमाची कल्पना आहे. म्हणून ‘पंधराव्या शततमकावर’ असा प्रयोग शुद्ध. परंतु उसना शब्द बोलण्यात येताच क्रमवाचक प्रत्यय गळतो आणि ‘बाळ पंधरा पर्सेंटाइल आहे’ असे वाक्य तयार होते. ‘व्या’ हा एवढासा प्रत्यय गळला की क्रमाचे परिमाण होते. मग ऐकणाऱ्या आजीला वाटते की, बाळ जेवढे असावयास हवे त्याच्या पंधरा टक्केच आहे.

हा भ्रम निव्वळ अज्ञानातून येतो असे समजणे अन्यायाचे होईल. भारतीय बालरोग अकादमीने १९७२ मध्ये जी वर्गवारी सांगितली, ती खरोखरीच टक्क्यांची होती. वयाच्या मानाने अपेक्षित मध्यवर्ती वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक ते सामान्य. ७१ ते ८० पहिली श्रेणी. ६१ ते ७० दुसरी. ५१ ते ६० तिसरी. ५० वा त्याहून कमी ती चौथी. अंगणवाडीच्या कामात ही भाषा दीर्घकाळ रुळली, आणि मेळघाटासारख्या भागातील कुपोषणाच्या बातम्यांतून ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. ज्या पिढीने ‘टक्के’ हा शब्द या अर्थाने शिकला, तिने ‘पर्सेंटाइल’ त्याच अर्थाने घेतला, तर त्यात नवल नाही.

भेद किती मोठा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलग्याचे मध्यवर्ती वजन ९.६ किलोग्रॅम आहे. पंधराव्या शततमकावरील मुलग्याचे वजन ८.६ किलोग्रॅम. म्हणजे हेच बालक जुन्या हिशेबाने मध्यवर्ती वजनाच्या सुमारे ९० टक्के भरते. एकच मूल, एकच काटा. पण एका भाषेत ‘नव्वद’ आणि दुसऱ्या भाषेत ‘पंधरा’. पहिला आकडा ऐकून घर निर्धास्त होते, दुसरा ऐकून हवालदिल. दोन्ही आकडे खरे आहेत. खोटे आहे ते त्यांना एकाच मापाचे समजणे.

तिसरा अर्थ शाळेतून आला आहे. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. तेव्हापासून या शब्दाला घराघरांत एक निश्चित भाव आला आहे. नव्याण्णव म्हणजे यश, पन्नास म्हणजे मध्यम, पंधरा म्हणजे नापसंती. परीक्षेत हे मूल्यमापन योग्यच आहे, कारण तेथे वरचे स्थान हेच ध्येय असते. बालकाच्या वजनात तसे काही नाही. पंधराव्या स्थानावरील निरोगी मूल पंच्याऐंशीव्या स्थानावरील निरोगी मुलापेक्षा कमी यशस्वी नसते. आई ठेंगणी व सडपातळ असेल, तर मुलाचे स्थान खाली असणे हा वंशाचा गुण असू शकतो. इतकेच नव्हे, तर सत्त्याण्णवाव्या रेषेच्या वर सरकत जाणारे वजनही चौकशीस पात्र असते. परंतु परीक्षेने शिकविलेला अर्थ इतका बळकट आहे की, ज्याचे अद्याप दातही आलेले नाहीत अशा बालकाला आईबाप नकळत परीक्षेस बसवतात.

४

शततमकाची शास्त्रीय व्याख्या साधी आहे. समान वयाची व समान लिंगाची शंभर मुले वजनाच्या क्रमाने उभी केली, तर ज्याच्याहून सुमारे पंधरा हलकी ठरतील, ते मूल पंधराव्या शततमकावर. व्याख्येत काहीच अवघड नाही. पण ‘शंभर मुले’ म्हणजे कोणती मुले, हे ती सांगत नाही. आणि खरा प्रश्न हाच आहे.

१९७७ मध्ये अमेरिकेत जे तक्ते सिद्ध झाले आणि नंतर जगभर वापरले गेले, त्यांतील लहान बालकांची मापे ओहायो राज्यातील एका दीर्घकालीन अभ्यासातून आली होती. ती मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. परिणाम असा झाला की, आईच्या दुधावर उत्तम वाढणारे मूल पहिल्या तीन महिन्यांनंतर या तक्त्यावर मागे पडू लागल्यासारखे दिसे. मूल निरोगी असे. मागे पडल्याचा आभास तक्ता निर्माण करी. तेवढ्यावरून वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळाला, तर तो आकड्यांच्या आधारे दिलेला चुकीचा सल्ला ठरे.

या दोषाच्या निराकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. स्तनपान, धूम्रपान न करणारी माता, वाढीस अनुकूल आर्थिक परिस्थिती, अशा अटी पाळूनच मुले निवडली होती. या सहाही ठिकाणच्या मुलांची लांबी आश्चर्यकारकपणे सारखी वाढत गेली. एप्रिल २००६ मध्ये ही मानके प्रसिद्ध झाली आणि २००८ पासून भारतातील एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ती स्वीकारली.

व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे एक परिचित भेद आठवल्यावाचून राहणार नाही. लोक कसे बोलतात हे नोंदवणारे व्याकरण वर्णनात्मक. कसे बोलावे हे सांगणारे आदेशात्मक. १९७७ चा तक्ता वर्णनात्मक होता. २००६ चा तक्ता आदेशात्मक आहे. अनुकूल परिस्थितीत मूल कसे वाढावे, हे तो सांगतो. म्हणून त्यातील ‘शंभर मुले’ ही मोखाड्याच्या किंवा धारणीच्या अंगणवाडीतील मुले नव्हेत. ती एका आदर्श वर्गातील मुले आहेत.

हा भेद तात्त्विक नाही, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून दिसते. मानकाच्या तळची मर्यादा, म्हणजे मध्यापासून दोन प्रमाण विचलने खाली, ही २.३ व्या शततमकाइतकी असते. आदर्श वर्गात या मर्यादेखाली शंभरात दोन-तीनच मुले असावयाची. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले या मर्यादेखाली आढळली. अशा स्थितीत ‘आमच्याकडची मुले अशीच असतात’ हे वाक्य वर्णन म्हणून खरे आहे आणि निर्णय म्हणून घातक आहे. गावातील बहुसंख्य मुले बारीक असली म्हणजे बारीक असणे हे त्या गावाचे प्रमाण होत नाही. मुले बारीक का, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तातडीचा ठरतो. तेव्हा तक्त्याचा आदेशात्मक स्वभाव हे त्याचे बळ आहे. पण तो स्वभाव तक्ता वाचकापासून लपवून ठेवतो, हा त्याचा दोष होय.

५

आता स्थान आणि गती यांच्या संबंधाकडे वळू. दोन मुलगे कल्पावेत. पहिल्याचे जन्मवजन २.९ किलोग्रॅम, सहाव्या महिन्यात ७.१ आणि बाराव्या महिन्यात ८.६. दुसऱ्याचे जन्मवजन ३.९, सहाव्या महिन्यात ७.९ आणि बाराव्या महिन्यात तेच ८.६. वर्षाअखेर दोघांचे वजन एक, स्थान एक, आणि कार्डावरील रंगही एक, म्हणजे हिरवा. तक्त्यावरील ठिपका पाहिला तर दोघांत भेद नाही. रेषा पाहिली तर दोन निराळ्या कथा दिसतात.

पहिले मूल जन्मापासून पंधराव्या रेषेवरच चालले आहे. ते लहान आहे. पण वाढत आहे. दुसरे पंच्याऐंशीव्या रेषेवरून पन्नासाव्यावर आणि तेथून पंधराव्यावर उतरले आहे. पहिल्या सहा महिन्यांतील उतार कदाचित दोषास्पद नसेल, कारण जन्मवजन पुष्कळ अंशी मातेच्या गर्भाशयातील परिस्थितीवर ठरते आणि जन्मानंतर मूल आपल्या आनुवंशिक मार्गावर स्थिरावू पाहते. परंतु सहा ते बारा महिन्यांत मध्यवर्ती मुलगा १.७ किलोग्रॅम वाढतो, पहिले मूल १.५ वाढले, आणि हे मूल केवळ ०.७ वाढले. या काळात पूरक आहार पुरेसा मिळाला काय, वारंवार जुलाब किंवा ताप झाला काय, याची चौकशी व्हावयास हवी. पण ‘हिरव्यात आहे’ या दोन शब्दांच्या निर्वाळ्याने ती थांबते. पहिल्याच्या आईला विनाकारण काळजी आणि दुसऱ्याच्या आईला विनाकारण दिलासा, असा हा दुहेरी अन्याय एकाच वाचनपद्धतीतून घडतो.

मराठी भाषेने या बाबतीत काय पुरविले आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. स्थिती सांगणारी विशेषणे तिच्यात विपुल आहेत. ‘गुटगुटीत’, ‘बाळसेदार’, ‘हडकुळे’, ‘रोड’ ही त्यांपैकी काही. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा याच विशेषणाच्या बळावर भरविल्या गेल्या. बालकांच्या दुधाच्या डब्यांवर बाळाचे चित्र छापण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली. तथापि त्या चित्रामागचे विशेषण लोकांच्या मनातून गेले नाही. परंतु याच भाषेत गती सांगणारी क्रियापदेही आहेत, आणि ती अधिक मोलाची आहेत. ‘बाळसे धरणे’, ‘अंग धरणे’, ‘रोडावणे’, ‘खाल्लेले अंगी लागणे’ या प्रयोगांत मुलाचा क्रम नाही, चालू असलेली क्रिया आहे. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ हे आजीचे वाक्य दुसऱ्या मुलाच्या उतरत्या रेषेचे यथार्थ भाषांतर आहे. मॉर्लेच्या तक्त्याला जे सांगावयाचे होते, ते सांगण्याची सामग्री मराठीच्या क्रियापदांत तयारच होती.

मात्र लोकभाषेचे केवळ गुणगान करणे येथे अप्रस्तुत होईल. ‘बाळसे उतरणे’ हा प्रयोग पाहावा. मूल रांगू-चालू लागले की त्याचा गुबगुबीतपणा कमी होतो, हे निरीक्षण खरे आहे. पण हाच शब्द सहा ते अठरा महिन्यांतील खऱ्या घसरणीवरही पांघरूण घालतो. ‘दात येत आहेत’ हे स्पष्टीकरणही त्याच जातीचे. ज्या वयात पूरक आहाराची उणीव आणि संसर्ग यांमुळे वाढ खुंटण्याचा संभव अधिक, नेमक्या त्याच वयासाठी भाषेने दोन समाधानकारक वाक्ये तयार ठेवली आहेत. येथे तक्त्याची रेषा भाषेला दुरुस्त करू शकते. उतरलेले बाळसे आणि उतरलेली रेषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. निरोगी मूल बारीक दिसू लागले तरी त्याची रेषा चढतीच राहते.

रेषा वाचतानाही तारतम्य सोडता येत नाही. नवजात बालकाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटते आणि साधारणतः दोन आठवड्यांच्या आत भरून येते. ती घट म्हणजे आजार नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय जन्मदिनापासून मोजले तर तक्ता त्याच्यावर अन्याय करतो. दोन महिने आधी जन्मलेले मूल चार महिन्यांचे झाले असता त्याचे वजन दोन महिन्यांच्या जागी मांडावे लागते. काट्याचीही मर्यादा आहे. पहिल्या महिन्यात मध्यवर्ती मुलगा सुमारे १.२ किलोग्रॅम वाढतो. अकराव्या ते बाराव्या महिन्यात मात्र फक्त ०.२. मूल एकदा कपड्यांसह व एकदा कपड्यांविना तोलले, तर एवढा फरक कपड्यांचाच पडू शकतो. म्हणून एका महिन्याच्या ठिपक्यावरून काढलेला निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. दोन-तीन ठिपक्यांनी काही सांगण्यास आरंभ केला म्हणजेच रेषा बोलू लागते.

६

शततमकाचा आणखी एक दोष त्याच्या टोकांशी प्रकट होतो. एक वर्षाच्या मुलग्यांचे आकडे पुन्हा घ्यावेत. पन्नासाव्या स्थानापासून पंधराव्यापर्यंत अंतर १ किलोग्रॅम आणि स्थाने पस्तीस. पंधराव्यापासून तिसऱ्यापर्यंत अंतर ०.८ किलोग्रॅम आणि स्थाने बारा. तिसऱ्यापासून पुढे मध्याखालील तीन प्रमाण विचलनांपर्यंत, म्हणजे ७.८ पासून ६.९ पर्यंत, अंतर ०.९ किलोग्रॅम, पण स्थाने तीनही नाहीत. वजनाची घट जवळजवळ सारखी. क्रमाची भाषा मात्र खाली जाता जाता मुकी होत जाते. ६.९ किलोग्रॅमचे मूल आणि ६ किलोग्रॅमचे मूल, दोघेही ‘पहिल्याच्या खाली’. ज्या मुलांसंबंधी सर्वाधिक नेमकेपणाने बोलावयास हवे, तेथेच ही संज्ञा निरुपयोगी ठरते. याच कारणासाठी कुपोषणाच्या कामात प्रमाण विचलनाची भाषा वापरतात आणि अंगणवाडीचा तक्ता हिरव्या, पिवळ्या व नारिंगी पट्ट्यांत विभागलेला असतो.

शिवाय केवळ वयानुसार वजन पाहिले, तर मूल ठेंगणे म्हणून हलके आहे की कृश म्हणून हलके आहे, हे समजत नाही. त्यासाठी उंची व दंडघेर मोजावा लागतो. दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन तीन प्रमाण विचलनांहून खाली असेल, किंवा दोन्ही पायांवर पोषणाच्या अभावी सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण समजले जाते. या अवस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘सॅम’ आणि तिच्याहून सौम्य अवस्थेसाठी ‘मॅम’ हे शब्द मराठी शासनव्यवहारात रूढ झाले. ‘गावात चार सॅम आहेत’ या वाक्यात अवस्थेचे नाव हेच बालकाचे नाव झाले आहे. ‘तिसऱ्या श्रेणीतील मूल’ या जुन्या प्रयोगात निदान ‘मूल’ हे नाम शिल्लक होते. नव्या प्रयोगात तेही लोपले. कामाच्या घाईत संक्षेप अटळ असतो, हे मान्य केले तरी, जी अवस्था उपचाराने पालटते तिचे नाम बनविणे म्हणजे तिला स्थायी रूप देणे होय, हे विसरता येत नाही.

२०२१ पासून पोषण ट्रॅकर या भ्रमणध्वनीवरील प्रणालीत अंगणवाडी सेविका वजन व उंची भरते आणि वर्गवारी प्रणालीच करते. हिशेबातील चुका यामुळे टळतात, हा लाभ लहान नाही. पण रेषा काढण्याचे काम हातातून सुटले, तरी ती वाचण्याचे व आईला समजेल अशा भाषेत सांगण्याचे काम सुटलेले नाही. ते यंत्र करू शकत नाही.

७

मग सांगावे कसे? येथे प्रारंभी उल्लेखिलेल्या मराठी शब्दाकडे यावे लागते. ‘कितवा, कितवी, कितवे’ हे क्रमासंबंधी प्रश्न विचारणारे विशेषण मराठीत नित्याचे आहे. इंग्रजीत या अर्थाचा एकही सुटसुटीत शब्द नाही. ‘हे मूल कितवे?’ हा साधा प्रश्न त्या भाषेत सरळ विचारता येत नाही. त्यासाठी वाक्य फिरवून घ्यावे लागते. शततमकाची संपूर्ण कल्पना मराठीत दोन शब्दांत मावते : ‘शंभरात कितवे?’

याही शब्दाला एक अडथळा आहे आणि तो लपविणे योग्य नव्हे. ‘वर्गात कितवा आला?’ या प्रश्नात मोजणी वरून होते. पहिला तो सर्वांत श्रेष्ठ. शततमकाची मोजणी खालून होते. म्हणून नुसते ‘शंभरात पंधरावे’ म्हटले, तर आजीला आनंदच व्हावयाचा. त्यासाठी मोजणीची दिशा वाक्यातच सांगावी लागेल : ‘हलक्याकडून मोजले तर शंभरात पंधरावे’. वाक्य लांबले हे खरे. पण त्याने टक्क्यांचा भ्रम मोडतो, गुणांचा भ्रम मोडतो, आणि ओळीत कोणी तरी पंधरावे असणारच, ही गोष्ट आपोआप ध्यानात येते. ओळीत पंधरावे असणे हा अपराध नव्हे, हे सांगण्यासाठी मग निराळा उपदेश करावा लागत नाही.

परंतु एवढ्यावर थांबले, तर गाल्टनच्या ओळीचेच मराठीकरण होईल. म्हणून या वाक्याच्या पाठीशी दुसरे वाक्य हवे, आणि ते क्रियापदाचे हवे : ‘मागच्या खेपेसही इथेच होते, अंग धरते आहे’, किंवा ‘मागच्या खेपेस पन्नासावे होते, खाल्लेले अंगी लागत नाही, कारण पाहावयास हवे.’ पहिले वाक्य स्थान सांगते, दुसरे गती. आणि ओळीतील ती शंभर मुले पुरेसे अन्न, आईचे दूध व निरोगी वातावरण लाभलेली आहेत, हे तिसरे वाक्य ज्या गावात बहुसंख्य मुले ओळीच्या तळाशी आहेत तेथे तर सांगितलेच पाहिजे. नाहीतर तेथील आईला वाटेल की तिच्या मुलाची तुलना शेजारच्या मुलाशीच होत आहे, आणि शेजारचेही तसेच बारीक आहे म्हणून ती निश्चिंत होईल.

परिभाषा घडविताना शास्त्राशी इमान राखावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परिभाषेच्या वाचकाशी इमान राखावे, हे तत्त्व तितकेसे मान्य झालेले नाही. ‘शततमक’ हा शब्द संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात निर्दोष असेल; काट्यापाशी मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीसाठी तो घडविलेला नव्हता. तिला आकडा सांगावा की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. पण सांगावयाचाच असेल, तर तिच्याच भाषेत ज्या प्रश्नाला तो उत्तर आहे, तो प्रश्नही तिला सांगितला पाहिजे. प्रश्न न सांगता हाती दिलेले उत्तर ती आपल्याजवळच्या प्रश्नांना जुळवून पाहणारच. आणि तिच्याजवळ असलेले प्रश्न शाळेतील गुणांचे, जुन्या श्रेणींचे आणि शेजारच्या गुटगुटीत बाळाचे आहेत.